शारजातील व्यायामवर्ग आणि माझा तीन पानी अर्ज

निवेदन करणार: शांताराम नारायण खोपकर, वय चौपन्न, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्जलेखन, बैठक तालुका कचेरीच्या कुंपणाबाहेर. हे नाव खरे आहे.

प्रवासाचे ठिकाण: संयुक्त अरब अमिराती, त्यातही मुख्यत्वे शारजा आणि एक दिवस दुबईतील देरा. कालावधी थंडीतील चोवीस दिवस. तारखा मला तोंडपाठ आहेत, परंतु लिहीत नाही.

संबंधित व्यक्ती: माझी एकुलती कन्या, तिला येथे वृषाली म्हटले आहे. जावई, येथे नीलेश. नात, येथे आर्या, वय नऊ.

साक्षीदार: चार स्त्रिया. पैकी वसईकडील एका ख्रिस्ती बाईंना रीटाबाई असे नाव दिले आहे. उरलेल्या तिघींची नावे, इमारतीचे नाव, मजला आणि सदनिकेचा क्रमांक मुद्दाम दिलेले नाहीत. एकतीस वर्षांच्या धंद्यात इतक्या अपुऱ्या तपशिलाचा कागद माझ्या हातून गेलेला नाही. तसे का करावे लागले, ते पुढे क्रमाने निवेदन करतो.

शारजा

मी परदेशी गेलो तो हौसेने गेलो नाही. गतवर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास माझ्या डाव्या पायाच्या तीन बोटांची जाणीव गेली. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी मला कळत नसे. लोक हाक मारून सांगत. अलिबागच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि कंबरेच्या मणक्यांतील चकती सरकल्याचे सांगितले. "ऑपरेशनची घाई नाही," ते म्हणाले, "पण असेच मांडी घालून बसत राहिलात तर काही सांगता येत नाही." मनुष्यास वाईट बातमी पचवता येते; 'सांगता येत नाही' हे मला पचेना. अशा वेळी वृषालीचा फोन आला. "अण्णा, इकडे या. तीन आठवडे माझ्या हाताखाली राहा, मग काय ते कापाकापीचं बघा."

विमानतळावर शुभ्र झग्यातील एका तरुण अधिकाऱ्याने मला यंत्रासमोर उभे केले. डोळ्यांचे चित्र घ्यायचे होते. माझे डोळे भीतीने मिटत होते. "ओपन, बाबा, ओपन," तो म्हणाला, आणि तिसऱ्या वेळी स्वतःचे डोळे मोठे करून दाखवू लागला. मागे रांग खोळंबली होती. आपण कोणता गुन्हा केला आहे, हे मी मनाशी आठवू लागलो आणि एकही आठवेना, त्याने अधिकच घाबरलो.

नीलेश हमरिया फ्री झोनमधील एका कंपनीत हिशेबनीस आहे. गाडी चालवता चालवता त्याने पहिल्याच सायंकाळी मला तिथल्या रीती सांगितल्या. रस्ता भलतीकडून ओलांडला तर दंड. थुंकलात तर दंड. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घातले तर दंड. "आणि हे सगळं बघायला माणूस लागत नाही, अण्णा. कॅमेरे आहेत." आमच्याकडे कायदा कचेरीच्या कपाटात राहतो आणि त्याला बाहेर काढण्यासाठी माझ्यासारख्या माणसास अर्ज लिहावा लागतो. तिथे तो रस्त्यावर दिव्यांसारखा लावलेला आहे. रस्ते आमच्या गावच्या नदीहून रुंद, आणि त्यावर पायी चालणारे कोणी नाही. मी पहिले तीन दिवस इमारतीच्या दाराबाहेर गेलो नाही. गॅलरीतून समोरच्या मशिदीचा मिनार, धुळकट आभाळ आणि असंख्य गाड्या पाहत बसे आणि बोटे दाबून पाही. जाणीव नव्हती.

खाण्याची मात्र आबाळ झाली नाही. नीलेश बाजारातून सुरमई आणी. सकाळी खाली कॅफेटेरियातून करक चहा येई. दाट, वेलदोड्याचा, आपल्या बासुंदीच्या वाटेला लागलेला. खुबूस नावाची त्यांची रोटी वाफाळती असते तोवर आपल्या भाकरीची बहीण वाटते. निवाली की मग तिच्यात आणि पुठ्ठ्यात फरक राहत नाही.

हॉल

वृषालीच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. भिंतीशी एक लाकडी खाटेसारखे यंत्र होते: त्यावर सरकणारी गादी, खाली स्प्रिंगा, वर चामडी पट्टे. मी ते प्रथम पाहिले तेव्हा इस्पितळातील कोणते तरी साधन समजलो आणि पाय आखडले. एका बंद पडलेल्या स्टुडिओकडून तिने ते जुने घेतले होते.

सकाळी नऊ वाजता चार स्त्रिया येत. त्या येताना एक गोष्ट मला विचित्र वाटली. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढतात. या बायका चपला पिशवीत घालून आत आणीत आणि ओट्याखाली ठेवीत. मला वाटले, परदेशात राहून रीत विसरल्या. तसे मी वृषालीला बोलूनही दाखवले. ती हसली आणि दाराची कडी लावून आली.

त्या व्यायामाचे नाव पिलाटीस. तो व्यायाम म्हणून ओळखूच येत नाही, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य. आमच्या गावी तालमीत जोर-बैठका काढतात. घाम किती गळला त्यावर व्यायाम मोजतात. येथे एक पाय चार बोटे उचलायचा आणि तो खाली आणताना कुठेही हिसका बसू द्यायचा नाही. वृषाली प्रत्येकीजवळ बसून बेंबीखाली दोन बोटे ठेवी. "इथून. पायानं नाही, इथून. श्वास सोडा." पाचव्या उचलीस माझी मांडी थरथरू लागली आणि मला वाटले, चकती सरकली. मी ओरडलो.

"अंकल, घाबरू नका," शेजारच्या सतरंजीवरून रीटाबाई म्हणाल्या. त्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करतात आणि दिवसभर उंच टाचांवर उभ्या राहून त्यांची पाठ गेली होती. "मी पण पहिल्या दिवशी रडलेली. नवऱ्याला फोन केला, बोलले, मी वाकडी झाले, मला घ्यायला ये."

"मग आला का?"

"कसला येतो! बोलला, तू आधीपासूनच वाकडी आहेस."

बायका हसल्या, पण आवाज दाबून हसल्या. तेही माझ्या ध्यानात आले, अर्थ मात्र लागला नाही.

या पद्धतीचा उगम वृषाली आम्हाला पाठीवर निजवून सांगे, म्हणजे लक्ष दुखण्यावरून उडते. फार पूर्वी जर्मनीत एक मुलगा होता. दम्याने बेजार, हाडे कच्ची. त्याने स्वतःवरच प्रयोग करून शरीर सावरले. मोठा होऊन तो इंग्लंडात गेला आणि तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. शत्रूच्या देशातला माणूस म्हणून इंग्रजांनी त्याला इतर जर्मनांबरोबर छावणीत कोंडले. तिथे काम नाही, मोकळी हवा नाही, माणसे खचत चाललेली. त्याने त्यांना जमिनीवर निजवून हळूहळू, ताबा ठेवून हालचाली शिकवल्या. जे अंथरुणाला खिळले होते, त्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधल्या, म्हणजे निजल्या निजल्या हातपाय ओढता यावेत. समोरचे ते यंत्र त्या खाटेचे वंशज होय.

"छावणीच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतली होती काय त्याने?" मी निजूनच विचारले.

"अण्णा, पाय खाली ठेवू नका," वृषाली म्हणाली. तो वर धरून म्हणाली, "माहीत नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही."

पुढे तो अमेरिकेत गेला. त्याने आपल्या पद्धतीस ताबा ठेवण्याची विद्या अशा अर्थाचे नाव दिले होते. न्यूयॉर्कमध्ये एक खोली उघडली. प्रथम तिथे नाचणारे लोक आले, कारण त्यांचे घोटे आणि गुडघे मोडत. बरे झालेल्यांतील काहींनी दुसऱ्यांस शिकवले, त्यांनी आणखी खोल्या उघडल्या, आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर अशी ती विद्या जगभर गेली. गुरूच्या पश्चात शिष्यांनी ती मऊ केली, आजाऱ्यांच्या बेताची केली. वृषाली पुण्यात शिकली. ती ज्या बाईंकडे शिकली, त्या परदेशी शिकून आल्या होत्या. एका कोंडलेल्या माणसाने आरंभलेली वस्तू शारजातील बंद हॉलपर्यंत आली होती, आणि दहाव्या दिवशी माझ्या डाव्या पायाच्या करंगळीस गार फरशी लागली. मी ती पुन्हा टेकवून पाहिली. गार होती. मी कोणास सांगितले नाही. सांगितले तर जाईल, अशी भीती वाटली.

अर्ज

त्या हॉलच्या छतातून वातानुकूलनाचे पाणी ठिबकत होते. यंत्राशेजारी बादली ठेवलेली असे. बायका सतरंज्या सरकवून घेत. मी विचारले, "तक्रार दिलीस का?"

"राहू द्या, अण्णा. चालतंय."

ज्या बापाने एकतीस वर्षे परक्यांच्या गळक्या छपरांसाठी अर्ज लिहिले, त्याच्या लेकीच्या डोक्यावर पाणी गळावे, हे मला सहन झाले नाही. तिच्या 'चालतंय'मध्ये मला असहायता दिसली. नीलेश कामावर आणि वृषाली आर्याला शाळेतून आणण्यास गेली असता मी टेबलाशी बसलो आणि इंग्रजीत, माझ्या सर्वोत्तम अक्षरात, तीन पाने लिहिली. अर्जास वजन यावे म्हणून नुकसान दाखवावे लागते, हा धंद्यातील पहिला नियम. म्हणून मी लिहिले की सदर हॉलमध्ये अर्जदाराची कन्या रोज सकाळी नऊ ते साडेदहा व्यायामाचा वर्ग चालवते, त्यास अमुक अमुक चार स्त्रिया फी देऊन येतात, पाण्यामुळे त्यांचा खोळंबा होतो आणि यंत्रास गंज चढत आहे. चौघींची पूर्ण नावे साक्षीदार म्हणून घातली.

खाली इमारतीचा रखवालदार असतो, त्याला तिथे नातूर म्हणतात. हा चितगावकडचा. "चाचा, कागज काहे को? फोन कर दो ना, आदमी आ जाएगा," तो म्हणाला. मी त्यास सांगितले की फोन हवेत जातो आणि कागद राहतो. नकलेवर त्याची सही घेतली. त्याने अर्ज इमारतीच्या मालकांच्या देरातील मुख्य कार्यालयाच्या पाकिटात टाकला.

रात्रीच्या जेवणाला मी ही गोष्ट सांगितली. अभिमानाने सांगितली, हे कबूल करतो. नक्कल नीलेशपुढे ठेवली.

त्याने पहिले पान वाचले. दुसरे वाचले. तिसरे न वाचता वृषालीकडे दिले. तिचा हात पानावर तसाच राहिला.

"अण्णा," नीलेश हळू म्हणाला, "ती माझ्या व्हिसावर आहे. तिला कामाचं परमिट नाही. घरात क्लास घ्यायचं लायसन्स नाही. म्हणून तर चार महिने बादली लावलीये. एसीवाला आत आला असता तर मशीन बघितलं असतं."

मला चपलांचा उलगडा झाला. दाबलेल्या हसण्याचाही झाला.

"काय होईल?" मी विचारले.

"कळलं तर दंड. फार मोठा. आणि मग व्हिसाचं काय होईल..." त्याने वाक्य सोडून दिले.

आर्या आमच्या तोंडांकडे पाहत होती. "ममा, आर वी इन ट्रबल?"

"जेव, आर्या."

"बट आर वी?"

वृषालीने नक्कल मिटून फोन हाती घेतला. ती मला रागे भरली असती तर बरे झाले असते. तिने चौघींना एकेक करून फोन केला, आणि प्रत्येकीस सांगावे लागले की तुमचे नाव माझ्या वडिलांनी लिहून दिले आहे. एक बाई फोनवरच रडू लागली. तिचा नवरा अबुधाबीजवळच्या मुसफ्फात नोकरीस, ती नुकतीच इकडे आलेली. "तुझे वडील वकील आहेत का?" असे तिने विचारले. वृषाली म्हणाली, "नाही. फक्त अर्ज लिहितात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दाराची घंटा वाजली. हॉलमध्ये आम्ही दोघेच होतो. वृषालीने सतरंज्या गोळा करून पलंगाखाली सारल्या. यंत्र कुठे लपवणार? तिने त्यावर चादर टाकली, चादरीवर आर्याची बाहुली, पुस्तके आणि इस्त्रीचे कपडे टाकले. पट्टे तरी खाली लोंबत होते. ते मी मुठीत धरून त्या यंत्रावर बसलो. गादी माझ्यासकट सरकली आणि मी भिंतीवर आदळलो. घंटा पुन्हा वाजली. वृषालीने दार उघडले. पिण्याच्या पाण्याचे बुधले आणणारा मनुष्य होता. "मॅडम, दो या तीन?" त्याने विचारले. तिने तीन म्हटले. दार लावून ती तिथेच उंबऱ्याशी खाली बसली आणि तिच्या खांद्यांस असा कंप सुटला की मी बापाच्या जन्मात तिला तसे पाहिले नव्हते.

त्या वेळी मी ठरवले की तो अर्ज मी परत आणणार.

देरा

एकट्याने जाण्याची माझी छाती नव्हती. रीटाबाई सुटी घेऊन बरोबर आल्या. त्यांचे नाव त्या कागदावर पहिले होते, तरी त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. टॅक्सीत बसताच त्या म्हणाल्या, "अंकल, माझं आडनावाचं स्पेलिंग पण करेक्ट लिहिलंत. माझा नवरा वीस वर्षांत लिहू शकला नाही."

त्यांना आधी पलीकडच्या काठावरील आपल्या हॉटेलात रजेचा कागद द्यायचा होता; तिथून देराकडे खाडी ओलांडण्यास त्यांनी मला एका उघड्या लाकडी होडीत बसवले; तिला अबरा म्हणतात. काठ नाही, कठडा नाही, मधोमध फळीवर पाठीला पाठ लावून माणसे बसलेली. आमच्या खाडीतील तरीवर निदान तांडेल ओळखीचा असतो. पलीकडे धक्क्यावर मोठी गलबते लागली होती आणि फ्रिज, टायर, तेलाचे डबे उघड्यावर रचलेले होते. त्यांस कोणी हात लावीत नव्हते. मला तो माल पाहूनही धास्ती वाटली. ज्या गावात रस्त्यावरील फ्रिज चोरीस जात नाही, तेथे माझी तीन पाने कशी हरवतील?

कार्यालय चौथ्या मजल्यावर होते. खिडकीशी केरळकडील एक बाई बसल्या होत्या. त्यांनी फाईल काढली आणि माझा अर्ज मला ओळखू आला. पहिल्या पानावर एका ओळीखाली पिवळी रेघ होती: छतातून पाणी गळते. बाकी मजकुरावर काही खूण नव्हती. त्यांनी तो वाचलाच नव्हता, की वाचून झाला होता, हे त्या पिवळ्या रेघेवरून सांगता येईना.

"यह वापस चाहिए," मी म्हटले.

"ओरिजिनल वापस नहीं मिलता, अंकल. विथड्रॉ करना है तो लेटर दो. रीझन लिखो." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

मी पेन उघडले. आजवर जमिनीच्या, जातीच्या दाखल्याच्या, विधवांच्या पेन्शनच्या हजारो अर्जांस मी कारण लिहून दिले. त्या कागदावर मला एक अक्षर लिहिता येईना. खरे कारण लिहिले तर गुन्हा दुसऱ्यांदा कबूल होतो. खोटे लिहिले तर पहिले तीन कागद त्याच फायलीत साक्ष देत बसलेले. मागचा एक अरब गृहस्थ "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करीत होता.

"अंकल," रीटाबाई कानाशी म्हणाल्या, "जास्त शहाणपणा नको. एक लाइन लिहा. पाणी बंद झालं, थँक यू."

मी तसे लिहिले. पाणी बंद झाले नव्हते. माझ्या आयुष्यातील तो सर्वांत लहान अर्ज, आणि माझ्या स्वतःच्या सहीचा पहिला खोटा.

बाईंनी त्यावर शिक्का मारला, तो तीन पानांच्या वर टाचला आणि फाईल मिटली. "खलास. कम्प्लेंट क्लोज."

"आणि ती खालची पाने? ती कोण वाचतो?"

"ऑडिट में कोई देखेगा, इन्शाल्ला," त्या म्हणाल्या आणि पुढच्यास बोलावले.

खाली येऊन रीटाबाईंनी मला करक चहा पाजला.

परतल्यावर

उरलेले नऊ दिवस वृषालीने माझा व्यायाम चुकवला नाही. बादली तशीच होती. ती माझ्या बेंबीखाली दोन बोटे ठेवून बसे आणि लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की ती बोटे कडक होत. निघण्याच्या आदल्या दिवशी ती पहिल्यांदा त्या विषयावर बोलली. "अण्णा, तुम्ही चांगल्यासाठी केलंत, ते माहितीये मला. पण मला विचारायचं होतं ना. एकदा."

मी उठून बादली रिकामी करून आणली.

आज माझ्या तीन बोटांपैकी दोन परत आली आहेत. अलिबागच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून खात्री केली आणि ऑपरेशन लांबवले. वर्ग मात्र बंद आहे. मुसफ्फावाल्या बाई पुन्हा कंबरेला पट्टा बांधून हिंडतात असे कळते. वृषाली रीतसर परवाना असलेल्या एका स्टुडिओत नोकरी मागण्यास गेली होती. त्यांनी विचारले, मागील दोन वर्षांचा अनुभव काय? तिने लिहिले: काही नाही. पुण्यातून ताजी शिकून आलेल्या मुलीस ती जागा मिळाली.

सबब त्या फायलीचा वाचक जो कोणी होईल, त्यास माझी नम्रतापूर्वक विनंती आहे की, सदर तीन पाने तिने लिहिलेली नाहीत, लिहिण्यास सांगितलेली नाहीत, आणि तिला ती ठाऊकही नव्हती. त्यांतील प्रत्येक ओळीचा दोष माझा धरावा आणि जी शिक्षा असेल ती मजवर करावी. बोलावल्यास मी स्वखर्चाने हजर होईन, डोळे उघडे ठेवीन. ज्या विद्येने मजसारख्याचा पाय शाबूत ठेवला, ती विद्या माझ्या कन्येस उघड्या दाराने शिकवता यावी यासाठी कोणता अर्ज, कोणाकडे, कोणत्या नमुन्यात करावा, तेही कृपया कळवावे. तो मी लिहिणार नाही. तिला विचारीन; लिहायचा तर तीच लिहील.

उत्तर 'नाही' असले तरी चालेल, परंतु ते लेखी द्यावे आणि माझ्या गावच्या पत्त्यावर द्यावे. तिच्या दारी कोणी येऊ नये.

शांताराम नारायण खोपकर
अर्जदार